न बोलणारा रोगी : कुत्र्याच्या मज्जासंस्थेचे तातडीचे विकार

लांब पाठीचा, आखूड पायांचा, पाच वर्षे वयाचा डॅशहंड जातीचा कुत्रा. काल सायंकाळपर्यंत तो पलंगावर उड्या घेत होता, दाराची कडी वाजताच धावत सुटत होता. रात्री तो थोडा कुरकुरला, उचलून घेताना एकदा केकाटला, आणि सकाळी पाहावे तो त्याचे मागचे दोन्ही पाय लुळे पडलेले. पुढच्या दोन पायांवर भार देऊन शरीराचा मागचा अर्धा भाग तो फरशीवरून ओढीत नेत आहे. त्याचे डोळे स्वच्छ आहेत, कान टवकारलेले आहेत. हाक मारली असता तो ओळखतो व खाणेही टाळीत नाही. असे दृश्य ज्या घरात दिसते तेथे प्रथम तर्कवितर्क सुरू होतात. कोणी म्हणतो थंड फरशीवर निजल्यामुळे वात भरला. कोणी म्हणतो जिन्यावरून पडला असावा. शेजारचे कोणी तेल कोमट करून पाय चोळण्याचा सल्ला देतात. अखेर असे ठरते, की आजचा दिवस वाट पाहावी व उद्याही उठला नाही तर डॉक्टरांकडे न्यावे.

हा वाट पाहण्याचा एक दिवस पुष्कळदा त्या प्राण्याच्या उरलेल्या आयुष्याचा निकाल लावतो. दुखणे पायांचे नसते. ते पाठीच्या कण्यात असते, आणि तेथे काय घडले आहे हे कुत्रा सांगू शकत नाही. त्याच्या शरीराने दिलेल्या खुणा वाचणे एवढाच मार्ग उरतो. त्यांतील सर्वांत महत्त्वाची खूण अशी आहे, की ती पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांची दिशाभूल करते.

मणके, गाद्या व मज्जारज्जू

कुत्र्याच्या कण्यात मानेचे ७, छातीचे १३, कमरेचे ७ व त्रिकास्थीचे ३ मणके असतात, शेपटीचे वेगळे. या मणक्यांच्या कमानींतून जो पोकळ बोगदा तयार होतो त्यातून मज्जारज्जू जातो. माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या किंवा दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो आणि त्याखाली केवळ मज्जातंतूंचा जुडगा असतो. कुत्र्याचा मज्जारज्जू मात्र कमरेच्या सहाव्या मणक्याच्या आसपास पोचतो. म्हणूनच कमरेच्या खालच्या भागात बिघाड झाला तर माणसाच्या पायात कळ जाते, तो लंगडतो, पण सहसा लुळा पडत नाही. कुत्र्याच्या पाठीत तसाच बिघाड झाला की दाब थेट मज्जारज्जूवर येतो.

दोन मणक्यांच्या मध्ये लवचीक चकती असते. बोलीभाषेत तिला गादी म्हणतात, आणि 'गादी सरकली' हा शब्दप्रयोग माणसांच्या पाठदुखीमुळे घरोघरी रूढ झाला आहे. तो तितकासा बिनचूक नाही. गादी आपल्या जागेवरून सरकत नाही. ती फुगते किंवा फुटते. तिच्या बाहेरच्या भागात चिवट तंतूंची वलये एकावर एक गुंडाळलेली असतात व आत मऊ, बुळबुळीत गर असतो. उडी मारताना बसणारा हिसका हा गर सर्व बाजूंना सारखा वाटून देतो. वरच्या, म्हणजे मज्जारज्जूकडील बाजूला ही वलये खालच्या बाजूपेक्षा पातळ असतात. निसर्गाच्या या रचनेचा तोटा असा, की गादी फुटलीच तर ती बहुधा नको त्याच दिशेने फुटते.

हे कोडे उलगडण्यास बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुत्र्यांच्या मज्जारज्जूवर दाबणारे कठीण गोळे शवविच्छेदनात आढळत होते, पण ती कूर्चेची नवी वाढ असावी असा समज होता. माणसाच्या बाबतीत फुटलेली गादी हेच पायातील कळेचे कारण असू शकते, हे अमेरिकेतील मिक्स्टर व बार या शल्यवैद्यांनी १९३४ साली दाखवून दिले. त्यानंतर स्वीडनमध्ये ओल्सन व हान्सेन या दोघा पशुवैद्यांनी अनुक्रमे १९५१ व १९५२ साली कुत्र्यांच्या गाद्यांवरील आपले विस्तृत संशोधन प्रसिद्ध केले. हान्सेनने केलेले वर्गीकरण आजही त्याच्याच नावाने चालते. पहिल्या प्रकारात आतला गर वाळून, चुन्यासारखा कठीण होऊन एकाएकी वलये फोडून बाहेर उसळतो; हा प्रकार आखूड पायांच्या जातींत व तरुण वयात दिसतो. दुसऱ्या प्रकारात वलये हळूहळू झिजून फुगवटा येतो. हा मोठ्या देहाच्या व वय झालेल्या कुत्र्यांत अधिक. पहिला प्रकार तासांत घडतो, दुसरा महिन्यांत.

आखूड पायांची किंमत

डॅशहंड हे नाव जर्मन आहे. 'डाक्स' म्हणजे बॅजर नावाचा बिळात राहणारा प्राणी व 'हुंड' म्हणजे कुत्रा. बिळात शिरून शिकार करण्यासाठी आखूड पायांची पिले पिढ्यानुपिढ्या निवडून ही जात तयार करण्यात आली. लांब पाठीवर ताण पडतो म्हणून या कुत्र्यांच्या गाद्या फुटतात असे पूर्वी सांगितले जाई व अजूनही पुष्कळ लोक तसे समजतात. खरे कारण अधिक खोल आहे. वाढीचा संदेश देणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकाची जादा प्रत कुत्र्याच्या गुणसूत्रांत भलत्याच ठिकाणी चिकटलेली असून तिचा आखूड पायांशी संबंध आहे, हे अमेरिकेतील संशोधकांनी २००९ साली दाखविले. त्याच जनुकाची आणखी एक प्रत बाराव्या गुणसूत्रावर असल्याचे २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेतील शास्त्रज्ञांना आढळले. ही दुसरी प्रत पाय आखूड करते आणि त्याचबरोबर गाद्यांना अकाली वार्धक्य आणते. इतर कुत्र्यांच्या गाद्यांतील गर प्रौढ वयापर्यंत मऊ राहतो. ही प्रत असणाऱ्या कुत्र्यात तो वयाच्या पहिल्या वर्षातच कूर्चेसारखा होऊ लागतो. डॅशहंड, बीगल, पेकिंगीज, फ्रेंच बुलडॉग या जाती या दृष्टीने एकाच पंगतीत बसतात. डॅशहंडांपैकी सुमारे पाचातल्या एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा हा विकार होतो. ज्यांनी आखूड पायांची पिले निवडली त्यांना आपण दुखरी पाठही निवडीत आहोत याची कल्पना असणे शक्य नव्हते. आज ती आहे, आणि तरीही केवळ देखणेपणासाठी अशी पैदास चालू आहे, हे काही भूषणावह नव्हे.

गादी कोठे फुटते यालाही नियम आहे. छातीच्या बहुतेक मणक्यांपाशी दोन्ही बाजूंच्या बरगड्यांची टोके जोडणारा एक आडवा बंध गादीवरून जातो व तिला आवरून धरतो. जेथे हा बंध संपतो तेथून धोका सुरू होतो. छातीच्या अकराव्या मणक्यापासून कमरेच्या दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यापर्यंतच्या टापूत बहुतेक अपघात होतात. येथे मज्जारज्जूने बोगदा जवळजवळ भरून टाकलेला असतो, त्यामुळे थोडा गरही पुष्कळ दाब निर्माण करतो. मानेत जागा थोडी मोकळी असते. म्हणून मानेतील गादी फुटली तर लुळेपणापेक्षा तीव्र वेदनाच अधिक दिसतात. असा कुत्रा मान खाली घालून ताठ उभा राहतो, जमिनीवरचे भांडे चाटावयास वाकत नाही, आणि त्याला अन्नच नको आहे असा घरच्यांचा समज होतो.

पाय आखडला, पण कळले का?

मज्जारज्जूला इजा होते तेव्हा त्यातील सर्व तंतू एकदम निकामी होत नाहीत. जाड तंतूंना दाब आधी बाधतो, बारीक तंतू अधिक वेळ तग धरतात. त्यामुळे शक्ती एका ठराविक क्रमाने नाहीशी होते. प्रथम केवळ पाठदुखी असते. मग पाय कोठे पडतो आहे याची जाणीव जाते व कुत्रा दारू प्यालेल्या माणसासारखा झोकांड्या खातो, त्याचा पंजा उलटा पडतो. पुढे त्याला उभे राहता येत नाही, मात्र पाय थोडे हलवता येतात. त्यानंतर हालचाल पूर्णपणे थांबते. आणि सर्वांत शेवटी हाडापर्यंत पोचणारा चिमटासुद्धा जाणवेनासा होतो. पशुवैद्य याच क्रमाने रोगाच्या पाच पायऱ्या मानतात. सुधारणा होताना हाच क्रम उलटा चालतो.

चौथ्या व पाचव्या पायरीमधील अंतर बाहेरून दिसत नाही. दोन्ही कुत्र्यांचे पाय सारखेच लुळे असतात. तरीही ज्याला खोल वेदना कळते त्याच्यावर वेळेवर शस्त्रक्रिया झाल्यास दहांपैकी नऊ किंवा त्याहून अधिक कुत्रे पुन्हा चालू लागतात; ज्याला ती कळत नाही त्याची शक्यता सुमारे निम्म्यावर येते. चौथ्या पायरीवरचा कुत्रा काही तासांत पाचव्या पायरीवर जाऊ शकतो. नेमक्या कितव्या तासाच्या आत शस्त्रक्रिया झालीच पाहिजे यावर तज्ज्ञांत एकमत नाही. पण पायऱ्या उतरण्यास रात्र पुरेशी असते याविषयी मतभेद नाही.

येथेच ती फसवी खूण येते. पशुवैद्य मागच्या पायाच्या बोटाला चिमट्याने दाबतो आणि पाय झटकन आखडला जातो. मालकाचा चेहरा उजळतो. 'पाहा, त्याला कळते आहे!' असे तो म्हणतो. वास्तविक पाय आखडला याचा अर्थ वेदना कळली असा होत नाही. चिमट्याचा संदेश मज्जारज्जूच्या कमरेकडील भागात जातो आणि तेथूनच स्नायूंना आज्ञा परत येते. मेंदूला याची वार्ताही नसते. या प्रतिक्षिप्त क्रियांचा पद्धतशीर अभ्यास इंग्रज शरीरशास्त्रज्ञ सर चार्ल्स शेरिंग्टन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी केला. मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तुटलेल्या कुत्र्याच्या कुशीवर गुदगुली केली असता त्याचा मागचा पाय ताल धरून खाजवू लागतो, हे त्यांनी दाखविले. खाजवणाऱ्या त्या कुत्र्याला खाज म्हणून काही जाणवत नव्हते.

म्हणून अनुभवी पशुवैद्य चिमटा घेताना पायाकडे पाहत नाही, तोंडाकडे पाहतो. कुत्र्याने मान वळवून मागे पाहिले, केकाटला, चावावयास धावला, निदान त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारल्या, तर संदेश मेंदूपर्यंत पोचला. पाय हलला व चेहरा निर्विकार राहिला, तर दोहोंमधील वाट बंद आहे. ही परीक्षा घरी पक्कड घेऊन करून पाहण्याची नव्हे. ती चुकीची केली जाते, बोटास इजा होते, आणि पाय आखडलेला पाहून मिळणाऱ्या खोट्या धीरामुळे मोलाचे तास वाया जातात.

दुसरी एक तपासणी अगदी साधी व मनोरंजक आहे. गाय माशी उडविण्यासाठी पाठीवरची कातडी थरथरवते, तशीच शक्ती कुत्र्यातही असते. पशुवैद्य कमरेपासून सुरुवात करून मणक्यांच्या दोन्ही बाजूंस कातडीचे हलके चिमटे घेत पुढे जातो. इजा झालेल्या जागेच्या मागे कातडी स्तब्ध राहते व पुढे थरथरते. ही सीमारेषा दुखऱ्या गादीचा अदमास देते. काही रोग्यांत पुढचे पाय लाकडासारखे ताठ झालेले दिसतात व चारही पाय गेले असे वाटून घरचे हवालदिल होतात. मज्जारज्जूच्या कमरेच्या भागातून पुढच्या पायांच्या स्नायूंना आवर घालणारे तंतू वर जातात. ते तुटल्यामुळे हा ताठरपणा येतो. शिफ व शेरिंग्टन या दोघांच्या नावाने तो ओळखला जातो. पुढचे पाय वस्तुतः शाबूत असतात.

घरापासून शस्त्रक्रियागृहापर्यंत

अशा कुत्र्याला काखेत धरून उचलू नये. लहान फळी, जाड पुठ्ठा, मोठे तबक, काहीच नसेल तर चौघांनी ताणून धरलेली चादर चालते. त्यावर त्याला अलगद सरकवून पाठ सरळ राहील असे न्यावे. वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा धन्यालाही चावतो, म्हणून तोंडाला मऊ पट्टी बांधावी. मात्र त्याला उलटी होत असेल, श्वास नीट चालत नसेल किंवा तो पगसारखा चपट्या नाकाचा असेल तर बांधू नये. तेल चोळणे, पाय ओढून 'मोकळे' करणे, उभे करून चालविण्याचा प्रयत्न करणे यांनी फुटलेल्या गादीतून आणखी गर बाहेर येऊ शकतो. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या तर मुळीच देऊ नयेत. आयबुप्रोफेनसारख्या गोळीने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे बिघडतात. अशी गोळी देऊन झाली असेल तर ती लपवू नये, कारण तिच्यावर पशुवैद्याने स्टिरॉइड दिले की आतड्यास भोक पडण्यापर्यंत पाळी येते.

स्टिरॉइडांची कथा उद्बोधक आहे. माणसांवरील १९९० च्या एका प्रयोगावरून मज्जारज्जूच्या इजेत मिथिलप्रेडनिसोलोनची मोठी मात्रा गुणकारी ठरते असे वाटू लागले, आणि पशुवैद्यांनीही ती उचलली. पुढे गादी फुटून खोल वेदनेची जाणीव गेलेल्या कुत्र्यांवर रीतसर तुलना करण्यात आली. कोणाला खरे औषध व कोणाला निर्गुण द्रव दिला जात आहे हे उपचार करणाऱ्यांसही ठाऊक नव्हते. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषधाचा कोणताही लाभ दिसला नाही. पंचवीस वर्षे हे औषध सद्भावनेने टोचले गेले होते.

रोग पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असेल तर पुष्कळदा शस्त्रक्रियेवाचून भागते. त्याचे औषध म्हणजे बंदिवास. निदान चार आठवडे कुत्र्याला पिंजऱ्यात किंवा लहानशा कुंपणात ठेवावयाचे व शौचापुरतेच छातीचा पट्टा बांधून बाहेर न्यावयाचे. फाटलेली वलये जुळून येण्यास तेवढा अवधी लागतो. अडचण अशी, की वेदनाशामकांनी चार दिवसांतच कुत्र्याला बरे वाटू लागते आणि तो उड्या मारू पाहतो. घरातील मुलांना त्याची दया येते, दार उघडले जाते, आणि पाचव्या दिवशी तो लुळा होऊन पशुवैद्याकडे येतो.

शस्त्रक्रियेपूर्वी चुंबकीय अनुनादाने, म्हणजे सर्वसामान्य बोलण्यातील एमआरआयने, गर नेमका कोठे व कोणत्या बाजूस साचला आहे हे पाहतात. ही सोय आपल्या देशात मोठ्या शहरांबाहेर प्राण्यांसाठी क्वचितच मिळते. जवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा पत्ता आधीच माहीत असणे श्रेयस्कर. शल्यवैद्य मणक्याच्या कमानीचा एका बाजूचा भाग कोरून खिडकी पाडतो आणि मज्जारज्जूला धक्का न लावता आतील चुनखडीसारखा चोथा बारीक हत्याराने काढून घेतो. दाब दूर होतो. इजा झालेल्या तंतूंनी पुढचे काम स्वतः करावयाचे असते, आणि त्यास काही आठवडे लागतात.

या आठवड्यांत खरी कसोटी घरच्यांची लागते, आणि ती पायांपेक्षा मूत्राशयाशी निगडित असते. लुळ्या कुत्र्याला बहुधा लघवी करता येत नाही. मूत्राशय तुडुंब भरले की थोडी लघवी आपोआप गळते. अंथरूण ओले पाहून 'त्याला होते आहे' असा समज करून घेतला जातो. ताणलेल्या मूत्राशयाचे स्नायू कायमचे सैल पडतात, साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात. दिवसातून तीन-चार वेळा पोटावर दोन्ही हातांनी हलका, स्थिर दाब देऊन ते रिकामे करावे लागते. हे कौशल्य पशुवैद्याकडून हाताला हात लावून शिकून घ्यावे. त्याखेरीज कूस बदलणे, हाडांच्या उंचवट्यांवर व्रण पडू न देणे, पायांचे सांधे हळुवार वाकवून सरळ करणे व पुढे कोमट पाण्यात चालविणे ही कामे आहेत.

खोल वेदना न कळणाऱ्या कुत्र्यांपैकी सुमारे दहांत एकावर याहूनही कठीण प्रसंग येतो. मज्जारज्जू वितळू लागतो आणि हा नाश एका गादीपाशी न थांबता वर सरकत जातो. कातडीच्या थरथरीची सीमारेषा दररोज पुढे गेलेली दिसते; अखेर श्वासाचे स्नायू निकामी होतात. यावर उपाय नाही. ही चिन्हे दिसताच प्राण्याला वेदनारहित मृत्यू देण्याचा सल्ला पशुवैद्य देतात, आणि तो वेळीच मानणे हीदेखील शुश्रूषाच आहे.

जे कुत्रे वाचतात पण चालू शकत नाहीत त्यांतील काही, महिन्यांनंतर, एक चमत्कारिक चाल कमावतात. मेंदूचा संबंध नसताही कमरेतील मज्जारज्जू मागच्या पायांना पावले टाकावयास लावतो. पुढच्या पायांशी त्यांचा मेळ नसतो. अशाच कायमच्या लुळ्या ३४ पाळीव कुत्र्यांवर केंब्रिज येथील संशोधकांनी एक प्रयोग करून २०१२ साली त्याचा वृत्तान्त दिला. नाकात वास घेणाऱ्या तंतूंना वेढून असणाऱ्या पेशी जन्मभर नव्या तंतूंना वाट दाखवीत असतात. त्या प्रत्येक कुत्र्याच्या स्वतःच्याच नाकातून घेऊन वाढविल्या व इजेच्या जागी टोचल्या. अशा पेशी मिळालेल्या कुत्र्यांत पुढच्या व मागच्या पायांचा मेळ सुधारला. मात्र मूत्राशयावरील ताबा व वेदनेची जाणीव परतली नाही, म्हणजे मेंदूपर्यंतची लांब वाट जुळली नव्हती. हे कुत्रे प्रयोगशाळेत मुद्दाम जखमी केलेले नव्हते. घरातील अपघाताने लुळे झालेले होते. माणसावरील उपचारांसाठी असे पुरावे विशेष मोलाचे ठरतात.

प्रत्येक लुळेपणा गादीमुळे येत नाही

मोठ्या देहाचा कुत्रा चेंडूमागे धावताना एकदम केकाटून पडतो, एका बाजूचे पाय अधिक लुळे होतात, पण थोड्याच वेळात पाठ दाबली तरी त्याला दुखत नाही आणि पहिल्या दिवसानंतर स्थिती बिघडतही नाही. येथे गादीतील कूर्चेचा कण मज्जारज्जूच्या रक्तवाहिनीत अडकलेला असतो. शस्त्रक्रियेचे कारण नसते व शुश्रूषेने पुष्कळ सुधारणा होते. वय झालेला अल्सेशियन अनेक महिन्यांत, कसलीही वेदना न होता, मागच्या पंजांची नखे घासत चालू लागतो. त्यात बहुधा मज्जारज्जूचा ऱ्हास असतो. या ऱ्हासाशी संबंधित जनुकदोष २००९ साली सापडला. १९९३ साली माणसातील एका असाध्य स्नायुदुर्बलतेच्या रोगात जे जनुक सापडले होते तेच हे जनुक निघाले.

झटके

मज्जासंस्थेची दुसरी तातडीची अवस्था मेंदूतून उद्भवते. कुत्रा आडवा पडतो, पाय ताठ होतात व मग झटके देऊ लागतात, तोंडातून फेस येतो, लघवी होते. बहुतेक झटके एक-दोन मिनिटांत थांबतात. पाहणाऱ्याला ती दहा वाटतात, म्हणून प्रथम घड्याळ पाहावे. फेफरे आलेल्या माणसाला कांदा किंवा चप्पल हुंगविण्याची आपल्याकडील निरर्थक चाल कुत्र्यावरही वापरली जाते. तोंडात चमचा किंवा बोटे घालण्याचा प्रकार त्याहून वाईट. कुत्रा जीभ गिळत नाही, पण बोट तोडू शकतो. जवळचे टोकदार सामान दूर करावे, दिवा मंद करावा, गोंगाट थांबवावा.

झटका पाच मिनिटांहून अधिक चालला, किंवा शुद्धीवर न येताच दुसरा आला, तर क्षणाचाही विलंब करू नये. स्नायूंच्या सततच्या आकुंचनाने अंगातील उष्णता ४१ अंश सेल्सियसच्या वर जाते आणि मेंदूच्या पेशी मरू लागतात. ओला कपडा व पंखा यांनी वाटेतच अंग थंड करावे. बर्फ लावू नये. ज्या कुत्र्यांना वारंवार झटके येतात त्यांच्या मालकांजवळ पशुवैद्य घरी वापरावयाचे औषध देऊन ठेवतात. पूर्वी गुदद्वारातून डायझेपाम देत; २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत नाकात फवारलेल्या मिडाझोलामने दहांपैकी सात, तर डायझेपामने दहांपैकी दोनच कुत्र्यांचे झटके थांबले. रोजच्या उपचारासाठी मात्र १९१२ पासून माणसाच्या अपस्मारावर वापरात आलेले फेनोबार्बिटल आजही कुत्र्यांत आपली जागा टिकवून आहे.

लहान जातीची कुत्री व्याल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत एकाएकी धापा टाकू लागली, थरथरू लागली, ताठ झाली, तर तो अपस्मार नसतो. दुधावाटे रक्तातील कॅल्शियम संपलेले असते. शिरेतून संथपणे कॅल्शियम देताच ती डोळ्यांदेखत सावरते. पिले तिच्यापासून लगेच दूर करावीत. शेतावरचा कुत्रा लाळ गाळीत, आचके देत सापडला तर कीटकनाशकाचा डबा बरोबर न्यावा. त्यावरील नावावरून उपचार ठरतात.

हात घालण्यापूर्वी

युरोपातील पुस्तकांत जो प्रश्न शेवटच्या पानावर येतो तो भारतात पहिल्या पानावर असावयास हवा. लुळा पडलेला, झोकांड्या खाणारा किंवा झटके येणारा कुत्रा अलर्क रोगाचा, म्हणजे रेबीजचा, असू शकतो. पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून चावणारा कुत्रा, ही समजूत अर्धीच खरी आहे. या रोगाचा एक मुका प्रकार आहे. त्यात कुत्रा शांत असतो, कोपऱ्यात अंधारात पडून राहतो. त्याचा खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळता येत नाही, मग पाय लुळे पडतात. पाहणाऱ्याला वाटते घशात हाड अडकले. दयाळू माणूस तोंडात हात घालून ते काढू पाहतो, आणि रोगाचे विषाणू नेमके त्या लाळेत असतात. लक्षणे दिसू लागण्याच्या काही दिवस आधीपासूनही ते लाळेत उतरलेले असू शकतात.

असा संशय आल्यास कुत्र्याला स्पर्श न करता खोलीत बंद करून पशुवैद्यास बोलवावे. लाळ जखमेला, ओरखड्याला, डोळ्याला किंवा तोंडाला लागली असेल तर ती जागा वाहत्या पाण्याखाली धुवावी; जखम किंवा ओरखडा असल्यास साबण लावून पूर्ण पंधरा मिनिटे धुवावा, आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. चुना, हळद, मिरचीपूड जखमेत भरू नये. पुष्कळांच्या मनात अजून पोटात घ्यावयाच्या इंजेक्शनांची धास्ती असते. ती सेंपल यांनी १९११ साली कसौली येथे तयार केलेली, मेंढीच्या मेंदूपासूनची लस होती. भारतात तिचा वापर २००५ पर्यंत बंद झाला. आताची लस दंडात, मोजक्या वेळा दिली जाते. रोगाची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र तिचा उपयोग नसतो, आणि रोगी वाचणे जवळजवळ अशक्य असते.

म्हणूनच सकाळी लुळा पडलेला तो डॅशहंड पशुवैद्याच्या टेबलावर ठेवला जातो तेव्हा त्याच्या पाठीला हात लावण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारला जातो तो गादीविषयीचा नसतो. गेल्या वर्षभरात याला रेबीजची लस टोचली आहे का, आणि तिची नोंद केलेले कार्ड बरोबर आणले आहे का, असा तो प्रश्न असतो.